फिझाक : दहा हजार वस्तीवर विसंबलेला परिसर

फ्रान्सच्या नैऋत्य भागात, ऑक्सितानी प्रांतातील लॉत जिल्ह्यात, सेले नदीच्या काठी फिझाक नावाचे एक लहान शहर आहे. त्याची लोकसंख्या गेली अनेक दशके दहा हजारांच्या आसपास राहिली आहे. एवढ्याशा वस्तीच्या ठिकाणी रुग्णालय, उच्च माध्यमिक शाळा, तंत्रशिक्षण देणारी विद्यापीठीय संस्था, न्यायालय, चित्रपटगृह, मोठे वाचनालय, आठवडी बाजार आणि विमानाचे पंखे (प्रोपेलर) घडवणारा कारखाना, हे सारे कसे सामावते, असा प्रश्न कोणालाही पडावा. याचे उत्तर शहराच्या हद्दीबाहेर सापडते. फिझाक चालते ते भोवतालच्या गावांतून रोज तेथे येणाऱ्या माणसांच्या बळावर, आणि ती गावे वस्तीयोग्य राहिली आहेत ती फिझाकमुळे. फ्रान्समध्ये अशी शेकडो लहान शहरे आहेत. पॅरिस किंवा तुलूझ पाहून फ्रान्स समजला असे मानणाऱ्याला देशाचा हा मोठा भाग दिसतच नाही, म्हणून येथे एका शहराच्या आधारे ही व्यवस्था समजावून घेऊ.

आधी जमिनीकडे पाहावे लागते. फिझाक तीन वेगवेगळ्या भूप्रदेशांच्या सीमेवर वसलेले आहे. नैऋत्येला चुनखडीचे कोरडे पठार पसरले आहे. त्याला कॉस म्हणतात. तेथे पाणी खडकातून झिरपून खाली जाते, माती पातळ असते आणि मेंढपाळी हाच मुख्य आधार असतो. ईशान्येला सेगाला हा आम्लधर्मी मातीचा डोंगराळ प्रदेश लागतो. तेथे पूर्वी गव्हाऐवजी राय हे धान्य पिकत असे, चेस्टनटच्या फळांवर गरिबांचे पोट भरत असे, आणि आज गाईगुरे पाळली जातात. या दोहोंच्या मधे लिमार्ग नावाचा चिकणमातीचा सुपीक पट्टा आहे. एकाकडे लोकर व मांस, दुसऱ्याकडे लाकूड, चेस्टनट व गुरे, तिसऱ्याकडे धान्य व फळे, अशी स्थिती असली की देवाणघेवाणीसाठी मधल्या जागी बाजार उभा राहणे स्वाभाविकच होते. अनेक जुनी बाजारपेठेची शहरे अशा सीमांवर आढळतात आणि फिझाक हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

शहराची सुरुवात नवव्या शतकातील एका बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती मठाभोवती झाली. बाराव्या ते चौदाव्या शतकांत येथील व्यापारी इतके संपन्न झाले की त्यांचा व्यवहार भूमध्य समुद्रापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. १३०२ मध्ये मठाधिपतीने शहरावरचा आपला अधिकार राजा चौथा फिलिप याच्याकडे सोपवला आणि कारभार नगरप्रमुखांच्या हाती आला. त्या काळातील घरे आजही उभी आहेत. तळमजल्यावर रुंद दगडी कमानींच्या आत दुकान, वर कुटुंबाचे राहणे, आणि सर्वांत वर, छपराच्या खाली, बाजूंनी मोकळा माळा, ज्याला स्थानिक भाषेत ‘सोलेयो’ म्हणतात. लाकडी किंवा विटांच्या खांबांवर छप्पर पेललेले असते आणि मधून वारा खेळतो, त्यामुळे धान्य, फळे, कपडे आणि चामडी तेथे वाळवता येत असत. भोवतालच्या शेतातून आलेला माल शहरात साठवण्यासाठी, वाळवण्यासाठी आणि विकण्यासाठी ही घरे बांधली गेली होती, हे त्यांच्या रचनेवरूनच कळते.

आजचा शनिवारचा बाजार त्याच परंपरेतला आहे. प्लास कार्नो या चौकात एकोणिसाव्या शतकातील लोखंडी खांबांची बाजारवास्तू आहे. शनिवारी सकाळी तिच्याखाली आणि लगतच्या गल्ल्यांत विक्रेत्यांची गर्दी होते. तेथे मिळणारे रोकामादूर नावाचे बकरीच्या दुधाचे चीज जवळून पाहण्यासारखे आहे. सहा सेंटीमीटर व्यासाची, सुमारे ३५ ग्रॅम वजनाची ही छोटी चकती किमान सहा दिवस मुरल्याशिवाय त्या नावाने विकता येत नाही. ताजी असताना ती मऊ व दुधाळ लागते, आणि जसजसे दिवस जातात तसतसे तिचे कवच सुरकुतते, चव तिखटपणाकडे झुकते. १९९६ पासून या नावाला कायद्याचे संरक्षण आहे, म्हणजे ठरलेल्या प्रदेशातील दूध आणि ठरलेली पद्धत यांशिवाय ते नाव वापरता येत नाही. पठारावरील पातळ मातीत दुसरे फारसे काही पिकत नाही, म्हणून बकऱ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याला असे नाव असणे फार मोलाचे ठरते. ते नसते तर त्याचे दूध मोठ्या डेअरीच्या भावाने गेले असते आणि त्या भावात लहान गोठा टिकत नाही. बाजार शेतकऱ्याला ग्राहक देतो आणि कायदा भाव देतो. दोन्ही एकत्र असले तरच पठारावरचे घर चालते.

आता प्रशासनाकडे वळू, कारण फ्रान्समधील लहान शहराचे महत्त्व समजण्यासाठी हा भाग टाळता येत नाही. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. कम्यून म्हणजे स्थानिक कारभाराचे सर्वांत लहान एकक. प्रत्येक कम्यूनला निवडून आलेली परिषद आणि महापौर असतो, मग तेथे दोनशे माणसे राहोत की दोन लाख. यांपैकी निम्म्याहून अधिक कम्यूनची लोकसंख्या पाचशेहून कमी आहे. अशा ठिकाणी महापौर असतो पण बहुधा डॉक्टर नसतो, चर्च असते पण बेकरी बंद पडलेली असते. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये देश जिल्ह्यांत विभागला गेला आणि १८०० मध्ये नेपोलियनच्या काळात प्रत्येक जिल्ह्याचे उपविभाग पाडले गेले. लॉत जिल्ह्याचे मुख्य ठिकाण काओर आहे आणि फिझाक हे उपविभागाचे ठिकाण आहे. तेथे केंद्र सरकारने नेमलेला अधिकारी बसतो. आपल्याकडील प्रांताधिकाऱ्याशी त्याचे काम बरेच मिळतेजुळते आहे: लहान गावांच्या महापौरांना कायद्याचा सल्ला देणे, सरकारी अनुदानाच्या मागण्यांची छाननी करणे, पूर किंवा आगीसारख्या प्रसंगी यंत्रणा हलवणे.

या कार्यालयांचे स्वरूप अलीकडे बदलले आहे. २०१७ पासून वाहननोंदणी, वाहनपरवाना यांसारखी कामे संगणकावरून करावी लागतात आणि खिडकीवर जाऊन कागद देण्याची सोय राहिलेली नाही. तरुणाला हे सोयीचे वाटते. एकट्या राहणाऱ्या, संगणकाची सवय नसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला मात्र सरकार आणखी लांब गेल्यासारखे वाटते, आणि त्याची ही भावना मला अगदी रास्त वाटते. ही उणीव भरून काढण्यासाठी सरकारने २०१९ मध्ये ‘फ्रान्स सर्व्हिस’ नावाची केंद्रे जाहीर केली. एका छताखाली किमान दोन प्रशिक्षित कर्मचारी बसतात आणि करखाते, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, कुटुंबभत्ता, रोजगार, टपाल अशा वेगवेगळ्या खात्यांचे अर्ज भरून देण्यास मदत करतात. त्यांना निर्णयाचा अधिकार नसतो. अर्ज अडला तर तो मूळ खात्याकडेच जातो. तरीही समोर माणूस बसलेला असणे ही गोष्ट लहान नाही.

कम्यून इतके लहान असल्यामुळे पाणीपुरवठा, कचरा, उद्योगक्षेत्रे, जलतरण तलाव, वाचनालये यांचा खर्च त्यांना एकट्याने पेलत नाही. म्हणून अनेक कम्यून मिळून एक समुदाय स्थापन करतात आणि ही कामे त्याच्याकडे सोपवतात. २०१५ च्या कायद्याने अशा समुदायासाठी साधारणपणे किमान १५ हजार लोकसंख्येची अट घातली, विरळ वस्तीच्या भागांना सवलत ठेवली. फिझाकभोवतीच्या समुदायाचे नाव ग्रां-फिझाक आहे. त्यात नव्वदच्या आसपास कम्यून आणि चाळीस हजारांहून अधिक लोक आहेत. विशेष म्हणजे तो जिल्ह्याची हद्द ओलांडतो. लॉत नदीपलीकडील कापदनाक-गार हे रेल्वेमुळे वाढलेले गाव शेजारच्या आव्हेरों जिल्ह्यात मोडते, पण तेथील लोकांचे खरेदी, शाळा, दवाखाना यांसाठीचे येणेजाणे फिझाककडेच असल्याने ते या समुदायात सामील आहे. नकाशावरची रेघ आणि माणसांचे रोजचे जाणेयेणे यांत फरक पडला, तेव्हा येथे रोजच्या येण्याजाण्याला मान दिला गेला.

या रोजच्या येण्याजाण्याचे मोजमाप फ्रान्सची सांख्यिकी संस्था पद्धतशीर करते. ज्या सर्वांत लहान क्षेत्रात राहणाऱ्यांना दैनंदिन गरजेच्या बहुतेक सेवा मिळतात, त्या क्षेत्राला ती ‘बासँ द व्ही’, म्हणजे जीवनक्षेत्र, म्हणते. देशात अशी सुमारे १,७०० क्षेत्रे आखलेली आहेत. सेवांची तीन पातळ्यांत वर्गवारी केली जाते. पहिल्या पातळीत बेकरी, प्राथमिक शाळा, साधा डॉक्टर येतात. दुसरीत माध्यमिक शाळा, सुपरमार्केट, चष्म्याचे दुकान. तिसरीत उच्च माध्यमिक शाळा, चित्रपटगृह, विशेषज्ञ डॉक्टर. लहान गावात पहिल्या पातळीच्या एकदोन गोष्टी असतात किंवा त्याही नसतात. फिझाकमध्ये तिन्ही पातळ्या आढळतात. एखाद्या शहराची लोकसंख्या दहा हजार आहे एवढेच सांगितले तर त्याच्याविषयी फारसे कळत नाही. त्याच्याकडे कोणत्या सेवा आहेत आणि त्या नसत्या तर पुढचे ठिकाण किती लांब पडले असते, हे पाहावे लागते. फिझाकहून काओर, रोदेझ किंवा ओरियाक गाठायचे तर वळणावळणाच्या रस्त्याने साधारण तासाभराचा किंवा त्याहून अधिक प्रवास आहे. आजारी मूल घेऊन निघालेल्या आईबापांना तो तास फार लांब वाटतो.

यातून पैशाचा एक जुना वाद उभा राहतो. जलतरण तलाव शहरात असतो, पण पोहायला येणारी मुले वीस गावांतली असतात. रस्ते, वाहनतळ, क्रीडांगणे, नाट्यगृह यांची देखभाल शहराला करावी लागते आणि त्यासाठीचा मालमत्ता कर शहरवासीयांकडून जातो. उलट बाजूने गावांचे म्हणणे असते की आमची माणसे शहरातल्या दुकानांत पैसे खर्च करतात आणि कारखान्यांत राबतात, म्हणून शहराची भरभराट आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. उद्योगांकडून येणारा कर समुदायाच्या सामाईक तिजोरीत जमा करून तेथून वाटप करण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली ती या वादावरचा तोडगा म्हणून. फिझाकमध्ये वाचनालय, चित्रपटगृह आणि नाट्यगृह एकत्र असलेले आस्त्रोलाब हे केंद्र या समुदायाचेच नाव लावते.

फ्रान्समधील बहुतेक लहान शहरांना जे लाभले नाही ते फिझाकला लाभले, आणि ते म्हणजे उद्योग. पोलँ रातिये या कारागिराने विसाव्या शतकाच्या आरंभी लाकडी कामातून विमानाच्या पंख्यांकडे वळण घेतले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याचा कारखाना फिझाकला आला. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मन हवाईदलासाठी काम करू लागला, तेव्हा जानेवारी १९४४ मध्ये प्रतिकार चळवळीतील लोकांनी स्फोट घडवून तेथील यंत्रे निकामी केली. त्याच वर्षी १२ मे रोजी ‘दास राइश’ या जर्मन एस.एस. तुकडीने फिझाक आणि परिसरातून पाचशेहून अधिक पुरुष पकडून छावण्यांकडे पाठवले. त्यांतले शंभराहून अधिक परत आले नाहीत. शहरात आणि भोवतालच्या गावांत ही आठवण अजून जिवंत आहे.

आज रातिये-फिझाक ही कंपनी कॉलिन्स एअरोस्पेस या अमेरिकी उद्योगाच्या मालकीची आहे आणि तेथे हजाराहून अधिक लोक काम करतात. तिचे मुख्य उत्पादन म्हणजे पंख्याच्या विमानांचे पंखे. असा पंखा म्हणजे नुसती फिरणारी पाती नव्हेत. उड्डाणाच्या वेळी, उंचीवर आणि उतरताना हवेला वेगवेगळ्या कोनातून कापावे लागते, म्हणून प्रत्येक पाते आपल्या बुंध्याभोवती वळू शकेल अशी यंत्रणा मध्यभागी बसवलेली असते. इंजिन बंद पडले तर पाती हवेच्या रोखाने वळवून अडथळा कमी करावा लागतो. पाती हलकी पण चिवट हवीत, म्हणून ती कार्बन तंतू आणि राळ यांच्या थरांतून घडवतात आणि धारेला धातूचे कवच लावतात. एअरबस ए ४०० एम या लष्करी वाहतूक विमानाचा आठ पात्यांचा, पाच मीटरहून अधिक व्यासाचा पंखा फिझाकचाच आहे. एटीआर या प्रवासी विमानांच्या सहा पात्यांच्या पंख्यांतही या कारखान्याचा वाटा आहे. कोल्हापूरसारख्या विमानतळावर उतरणारे एटीआर ७२-६०० ज्यांनी पाहिले असेल त्यांनी सेले नदीकाठच्या या शहराचे काम नकळत पाहिले आहे.

१९८९ मध्ये फिझाक एअरो ही दुसरी कंपनी स्थापन झाली. ती ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमच्या ठोकळ्यांतून विमानाच्या सांगाड्याचे सुटे भाग कोरते. तिच्याभोवती लहान यंत्रशाळांचे जाळे विणले गेले आणि फिझाक, रोदेझ, ब्रीव्ह, तुल या पट्ट्यातील कारखान्यांनी मेकानिक व्हाले नावाने संघटना बांधली. एअरबस आणि एटीआर यांची मुख्यालये तुलूझ परिसरात, रस्त्याने सुमारे अडीच तासांवर आहेत. मोठ्या शहराच्या इतक्या जवळ असणे म्हणजे कामाची हमी, पण एकाच क्षेत्रावर विसंबण्याचा धोकाही. २०२० मध्ये साथीमुळे विमाने जमिनीवर थांबली तेव्हा मागण्या गोठल्या आणि फिझाक एअरोला नोकरकपात जाहीर करावी लागली. एकाच उद्योगावर उभे राहिलेल्या गावाचे काय होते याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. जवळच असलेले दकाझव्हिल कोळशावर वाढले, १९६० च्या दशकात तेथील भुयारी खाणी बंद झाल्या, २००१ मध्ये उघडी खाणही थांबली आणि गावाची वस्ती पूर्वीच्या तुलनेत खूपच घटली. फिझाक टिकले त्याचे कारण कारखान्यासोबत बाजार, कार्यालये, शाळा आणि पर्यटन हेही तेथे चालू राहिले.

पर्यटनाच्या मुळाशी एक माणूस आहे. इजिप्तची चित्रलिपी १८२२ मध्ये उलगडणारा झाँ-फ्रान्स्वा शाँपोलियों याचा जन्म २३ डिसेंबर १७९० रोजी फिझाकमध्ये, एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी झाला. त्या घराच्या जागी आज जगातील लिप्यांचे संग्रहालय आहे. मागच्या बंदिस्त चौकात, चित्रलिपी उलगडायला आधार ठरलेल्या रोझेटा शिलालेखाची काळ्या दगडातली प्रचंड प्रतिकृती जमिनीवर अंथरलेली आहे. अमेरिकी कलावंत जोसेफ कोसुथ यांनी १९९१ मध्ये ती घडवली. लोक तिच्यावरून चालतात. शिवाय फ्रान्समधील ल प्वी येथून स्पेनमधील सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे जाणारा यात्रामार्ग शहरातून जातो, त्यामुळे वसंतापासून शरदापर्यंत पाठीवर पिशवी घेतलेले यात्रेकरू मुक्कामाला असतात.

हे सगळे आपोआप जपले गेले नाही. १९७० च्या दशकात जुन्या भागातील घरे ओलसर, अंधारी आणि निम्मी रिकामी होती, आणि ज्यांना परवडे ते नव्या वसाहतींत जात होते. १९७७ ते २००१ या काळात मार्तां माल्व्ही महापौर होते. त्यांच्या कारकिर्दीत जुना भाग पाडण्याऐवजी घरोघर दुरुस्त करण्याचे धोरण राबवले गेले, नगरपालिकेने घरे सुधारून भाड्याने देण्याजोगी केली आणि १९८६ मध्ये जुन्या भागाला कायदेशीर संरक्षण मिळाले. पुढे तेच माल्व्ही, आता ऑक्सितानीत विलीन झालेल्या, मिदी-पिरेने प्रांताचे अध्यक्ष झाले. अशा शहराला राज्यपातळीवर शब्द टाकणारा माणूस मिळणे हा योगायोग असतो, आणि त्या योगायोगाचा परिणाम किती खोल असू शकतो हे येथे दिसते. त्याच दशकांत बहुतेक फ्रेंच शहरांबाहेर मोठमोठी सुपरमार्केटे उभी राहिली, चारचाकी असलेला ग्राहक तिकडे वळला आणि जुन्या पेठेतील दुकानांच्या काचांवर ‘भाड्याने देणे आहे’ असे फलक लागले. फिझाकही यातून पूर्ण सुटलेले नाही. २०२० मध्ये सरकारने वीस हजारांहून कमी वस्तीच्या, पण भोवतालच्या परिसराचा भार वाहणाऱ्या सुमारे १,६०० शहरांसाठी ‘उद्याची लहान शहरे’ हा कार्यक्रम आणला, तो हीच गळती थांबवण्यासाठी.

सर्वांत कठीण प्रश्न डॉक्टरांचा आहे. १९७१ पासून फ्रान्सने वैद्यकीय शिक्षणातील जागांवर राष्ट्रीय मर्यादा घातली. १९७० च्या दशकात वर्षाला आठ हजारांहून अधिक असलेल्या जागा १९९० च्या दशकाच्या आरंभी साडेतीन हजारांवर आल्या. डॉक्टर कमी झाले तर आरोग्यविम्याचा खर्च कमी होईल असा त्यामागचा हिशेब होता. त्या आधीच्या मोठ्या तुकड्यांतले डॉक्टर आता निवृत्त होत आहेत आणि त्यांची जागा घेणारे पुरेसे नाहीत. मर्यादा २०२० पासून उठवली गेली, पण एक डॉक्टर तयार व्हायला नऊ-दहा वर्षे लागतात, आणि खासगी डॉक्टरला कोठे दवाखाना थाटावा याचे स्वातंत्र्य असल्याने बरेच जण मोठी शहरे किंवा समुद्रकिनारा निवडतात. नगरपालिका जागा देतात, सामाईक आरोग्यकेंद्रे बांधतात, विद्यार्थ्यांना राहायला घर देतात. एखादा डॉक्टर आला तर त्याच्या पतीला किंवा पत्नीला नोकरी, मुलांना शाळा आणि नियमित सुटणारी रेल्वेगाडी हवी असते.

कारखान्यांना अभियंते हवे असतात तेव्हाही हीच यादी पुढे येते. फिझाकहून तुलूझला आणि ब्रीव्हला गाड्या आहेत, पॅरिसची रात्रगाडीही थांबते, पण एकेरी मार्गावर वेग कमी आणि फेऱ्या मोजक्या. विद्यापीठीय तंत्रसंस्थेत यंत्रशास्त्र शिकणारी मुले येथील कारखान्यांत काम शिकतात आणि त्यांतली काही येथेच राहतात, हा शहराचा मोठा आधार आहे. गावांकडे मात्र दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटी शिक्षणखात्याच्या यादीकडे लक्ष लागलेले असते. पुढील वर्षी कोणत्या शाळेतला कोणता वर्ग बंद होणार हे त्या यादीत ठरते, आणि त्यासाठी किती मुले पटावर आहेत हे आधी मोजले जाते. एखाद्या गावात फिझाकच्या कारखान्यात नोकरी लागलेले एक जोडपे दोन मुलांसह राहायला आले तर कधीकधी तेवढ्यानेच वर्ग वाचतो, आणि म्हणून पठारावरच्या महापौराला शहरातील कारखान्याच्या मागण्यांचे आकडे आपल्या शाळेच्या पटाइतकेच महत्त्वाचे वाटतात.